दफ्तराचा आतला पडदा

मराठी गद्याचा इतिहास लिहिताना बखरी, पत्रे, निबंध, कादंबऱ्या यांची दखल घेतली जाते. रकाने आखलेल्या सरकारी कागदाची घेतली जात नाही. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात कपाशी पिकवणाऱ्या माणसाच्या घरात कथासंग्रह असेल वा नसेल, सातबाऱ्याचा उतारा मात्र लोखंडी पेटीत घडी घालून जपलेला असतो. त्या कागदावर पीककर्ज मिळते, भावाभावांत वैर पडते, मुलीचा हिस्सा ठरतो. आम्हांस येथे या कागदाच्या एका आधुनिक भावंडाविषयी लिहावयाचे आहे. ते भावंड म्हणजे कचेरीतल्या माणसांनी कचेरीतल्याच माणसांसाठी केलेले, संगणकाच्या पडद्यावर दिसणारे साधे साधन.

हा प्रकार आधी समजावून घेऊ. कोणत्याही कार्यालयाची माहिती संगणकात तक्त्यांच्या रूपाने साठवलेली असते. अमुक रकान्यात नाव, तमुक रकान्यात तारीख, तिसऱ्यात क्षेत्रफळ, असे वर्णन मागच्या आज्ञावलीत एकदा लिहिलेले असते. आता लोकांसाठी संकेतस्थळ करावयाचे झाले तर मांडणीकार लागतो, चित्रे लागतात, महिनोन्‌महिने जातात. पण वापरणारे कचेरीतलेच दहा-वीस जण असतील तर एवढा खटाटोप कशाला? तक्त्याचे वर्णन वाचून आज्ञावलीनेच अर्ज आखावा. तारखेचा रकाना असेल तेथे दिनदर्शिका दाखवावी, होय-नाहीचा असेल तेथे खुणेची चौकट द्यावी, आणि ‘जतन करा’ असे बटण ठेवून मोकळे व्हावे. पडदा वेगळा रचायचा नाही. तो साठवणीतूनच उगवावा. अशा पडद्याला सौंदर्य नसते, पण तो तासाभरात उभा राहतो.

या कल्पनेला वेबपूर्व काळातही पूर्वज होते. १९८० च्या दशकात ‘डीबेस’ नावाची प्रणाली जगभर पसरली आणि आपल्याकडे गावोगावच्या संगणक वर्गांतून शिकवली गेली. तीत ‘ब्राउज’ एवढा एकच शब्द टंकला की सारा तक्ता पडद्यावर उभा राही, आणि तेथल्या तेथे दुरुस्ती करता येई. १९९३ मध्ये वेबवरील पानाला मागच्या आज्ञावलीशी जोडणारी ‘सीजीआय’ ही रीत आली. १९९५ मध्ये रास्मुस लेरडॉर्फ याने स्वतःचे पान सांभाळण्यासाठी केलेली हत्यारे जगापुढे ठेवली. तीच पुढे ‘पीएचपी’ झाली. तिच्या आरंभीच्या नावातच अर्जाचा उल्लेख होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढचा टप्पा अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत गाठला गेला. बातमीची वेळ टळून चालत नाही आणि उपसंपादकाला आज्ञावली लिहिता येत नाही, या अडचणीतून एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ पासून जी चौकट रचली ती २००५ मध्ये ‘जँगो’ या नावाने खुली झाली. तक्त्याच्या वर्णनावरून कामकाजाचा पडदा आपोआप तयार करणे हे तिचे ठळक वैशिष्ट्य. २०१९ मध्ये आलेल्या ‘स्ट्रीमलिट’ने पायथन भाषेच्या मोजक्या ओळींत असे पान उभे करण्याची सोय केली.

तथापि हे सारे परदेशी नवल आहे, असे समजण्याचे कारण नाही. आतल्यांसाठी साधन, आणि तेही हिशेबाच्या गरजेतून थेट निघालेले, ही परंपरा मराठी दफ्तराला जुनीच आहे. मोडी लिपीचेच पाहा. ग्रंथ बाळबोधीत लिहावा आणि दफ्तर मोडीत, अशी वाटणी होती. लेखणी शक्यतो न उचलता झरझर लिहिता यावे ही मोडीची प्रेरणा. बाहेरच्याला वाचता येईल की नाही, ही चिंता कारकुनाची नव्हती. विसाव्या शतकात बराच काळ ती टिकली याचे कारण तिचे वाचक ठरलेले होते.

मुंबई इलाख्यातील गाव नमुने याच जातीचे. एफ. जी. एच. अँडरसन या सनदी अधिकाऱ्याच्या महसूल लेख्यांविषयीच्या पुस्तिकेवरून महसूल खात्यातील पिढ्यान्‌पिढ्या ते शिकल्या. एकूण २१ नमुने; प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाचे काम नेमके. सहावा फेरफाराचा, सातवा अधिकार अभिलेखाचा, आठ-अ खातेदाराच्या धारणेचा, बारावा पिकांचा. सात आणि बारा एकाच कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द मराठी भाषेला मिळाला. कारकुनाच्या वहीतले दोन क्रमांक एकत्र येऊन भाषेतले नाम व्हावे, एवढेच नव्हे तर ‘एखाद्या गोष्टीचा सातबारा आपल्या नावावर आहे’ असा लाक्षणिक अर्थही त्याला यावा, याहून त्या साधनाच्या सामर्थ्याचा दुसरा पुरावा कोणता?

मारेगावचा प्रदेश वऱ्हाडाचा. त्याचा महसुली इतिहास मुंबई इलाख्याहून निराळा, आणि तेथे लोकांच्या तोंडी तलाठी नसून पटवारी आहे. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू होऊन साऱ्या राज्याला एकच कायदा मिळाला. अधिकार अभिलेखाचे नियम १९७१ चे. अर्थात दूरच्या दफ्तराने आखलेले रकाने वणी-मारेगावच्या काळ्या मातीलाही लागू झाले. कपाशीत तुरीच्या ओळी टाकण्याची येथली रीत. तिला बाराव्या नमुन्यात मिश्र पिकाचा रकाना सापडला. पण ठोक्याने वा बटईने शेत करणाऱ्याचा तोंडी व्यवहार? त्याला सहसा जागा सापडली नाही.

संगणकीकरणाचा आरंभही विदर्भातच झाला, हे फारसे कुणाच्या स्मरणात नाही. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रीतीने सुरू केली. महाराष्ट्रातून निवड झाली ती यवतमाळच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्याची. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि तिच्या ‘जिस्ट’ तंत्रामुळे संगणकावर देवनागरी उमटू लागली. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे ‘इस्की’ हे मानक १९९१ चे. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने ‘ई-फेरफार’ ही प्रणाली घडवली. तिची चाल कायद्याच्या कलम १५० मागून जाते. नोंद धरणे, नोटीस काढणे, हरकतीची मुदत पाळणे, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करणे, हाच तिचा क्रम. वर वर्णिलेले तत्त्व येथेही दिसते. पडद्याची कल्पना नव्याने झालेली नाही; जुन्या वहीच्या रचनेतून तो निघाला आहे.

या रीतीचे गुण आम्ही नाकारत नाही. असा पडदा स्वस्त असतो, लवकर होतो, आणि मुख्य म्हणजे प्रामाणिक असतो. कचेरीला जेवढे ठाऊक आहे तेवढेच तो दाखवतो. त्याचा दोष मात्र याच प्रामाणिकपणात दडलेला आहे. ज्याला रकाना नाही ते त्याच्या लेखी घडलेलेच नाही. हा दोष दहा कारकुनांपुरता राहिला असता तर त्यावर निबंध लिहिण्याचे कारण नव्हते. पण आतली साधने आत राहत नाहीत. सातबारा मुळात सरकारी वसुलीचा हिशेब. कलम १५७ त्यातील नोंदीला विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानते इतकेच, मालकीचा तो अंतिम पुरावा नव्हे. तरीही बँकेच्या दारात, नुकसानभरपाईच्या यादीत आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या विधवेच्या अर्जात, शेतकरी कोण, या प्रश्नाचे उत्तर तोच देतो.

मग वारस मुलींची नावे भोगवटादाराच्या रकान्यात न येता पुष्कळदा ‘इतर अधिकार’ या बाजूच्या रकान्यात का ढकलली गेली, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनाही परका वाटू नये. पात्राला कथेत जागा देणे आणि तळटीपेत टाकणे यांतला फरक ते जाणतात. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेऊन बायकोच्या नावे जमीन करण्याचा आग्रह धरला, तेव्हा लढा प्रत्यक्षात एका रकान्यासाठीच होता. मारेगाव परिसरात कोलाम समाजाची वस्ती आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन वनखात्याच्या नावे असेल तर कसणाऱ्याचा सातबाराच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला दावा करण्याची वाट दिली. पडदा कितीही सुबक केला तरी ही उणीव भरून आली नसती. ती तक्त्यात होती.

या इतिहासातील आम्हांस सर्वांत मोलाची वाटणारी घटना २०१७ ची आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना चुका झाल्या होत्या. नावे बिघडली, क्षेत्र जुळेना. तेव्हा राज्यभर ‘चावडी वाचन’ झाले. संगणकातील सातबारे गावात लोकांसमोर मोठ्याने वाचावयाचे, आणि ज्याचे नाव चुकले त्याने तेथेच उठून सांगावयाचे. जुन्या पोथीचा पाठ ऐकणाऱ्यांच्या स्मृतीशी ताडून पाहावा, तसेच हे पाठशोधन. आतल्यांसाठी केलेल्या साधनाची परीक्षा बाहेरच्यांच्या कानांनी झाली. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’त शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहून बाराव्या नमुन्यातील पीक स्वतः नोंदवू लागला. पटवाऱ्याची लेखणी अंशतः त्याच्या हाती आली. रकाने मात्र अजून दुसऱ्यानेच आखलेले आहेत.

म्हणून आज कोणी तरुण, मग तो यवतमाळचा असो वा पुण्याचा, पाच-दहा ओळींत आपल्या कार्यालयासाठी असे साधन उभे करीत असेल, तर त्याच्या हातून घडणारे कृत्य त्याला वाटते तितके किरकोळ नाही. ‘हे आपल्याआपल्यातच वापरायचे आहे’ हे वाक्य अँडरसनच्या काळच्या कारकुनालाही खरे वाटले असेल. रकान्यांची नावे ठरवताना एकदा तरी ती चावडीवर मोठ्याने वाचून पाहावीत, आणि आपले नाव ऐकू आले नाही म्हणून कोण उठून उभे राहते, याची वाट पाहावी.