टाच (पादत्राणाची) : झीज आणि भुगा

पादत्राणाच्या तळाचा मागचा, थोडा उंच भाग. चालताना जमिनीचा पहिला दणका टाचेवर बसतो, म्हणून बाकीचा जोडा धड असतानाच ती जाते. पण जाण्याच्या तऱ्हा दोन आहेत. एक टाच वापराने झिजते; दुसरीचा ठेवल्याठेवल्या भुगा होतो. या दोहोंत गल्लत झाल्यामुळे अमरावती-अकोल्याकडे कितीतरी चांगले जोडे केवळ जपल्यामुळे वाया जातात.

झीज सरळ आहे. पाऊल पडताना बहुतेकांच्या टाचेची मागची, बाहेरची कड आधी टेकते आणि तिरपी घासली जाते. त्यात चालीचा दोष नाही. एकाच पायाची टाच फार लवकर झिजत असेल, तर मात्र गुडघा किंवा कंबर एकदा दाखवून घ्यावी. पूर्वी चामड्याचे थर एकावर एक ठोकून टाच करीत आणि खाली लोखंडी नाल मारीत. शेतातल्या चपलेला जुन्या टायरचा तळ लावीत; पऱ्हाटीच्या धसकटांतही तो वर्षानुवर्षे टिके. उंच टाचेच्या सँडलला खाली नखाएवढी टोपी असते. ती झिजून आतला खिळा फरशीवर वाजू लागला, की त्याच आठवड्यात बदलावी. नाहीतर पाय घसरतो.

भुग्याचे प्रकरण वेगळे. लग्नात घेतलेला बूट दोन-चारदा घालून, कागदात गुंडाळून, खोक्यासकट कपाटावर ठेवलेला असतो. पाच-सात वर्षांनी घरातल्या पुढच्या लग्नाला तो निघतो. वरचे चामडे चकचकीत, शिवण शाबूत. मंगल कार्यालयाच्या पायऱ्या चढेपर्यंत मागे काळ्या तुकड्यांची रांग लागते. टाच बोटाने दाबली तर शिळ्या भाकरीसारखी मोडते. कधी भुगा चिकट असतो आणि डांबरासारखा बोटाला लागतो. लोक दुकानदाराला बोल लावतात, नाहीतर ‘सोल सडला’ म्हणून सोडून देतात. ‘सडला’ हा शब्द खऱ्या कारणाच्या बराच जवळ जातो.

हा तळ बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. बाजारात त्याला पीयू सोल म्हणतात. पॉलियुरेथेनचा शोध ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या लेव्हरकुझेन येथे १९३७ मध्ये लावला. बुटाच्या तळासाठी तो फेसाळ स्वरूपात साच्यात ओततात. आत बारीक हवेचे कप्पे असल्याने तळ रबरापेक्षा पुष्कळ हलका होतो आणि दणका शोषतो. त्याच्या बऱ्याच प्रकारांत रेणूंची साखळी एस्टर बंधांनी जोडलेली असते. हे बंध पाण्याने तुटतात. रसायनशास्त्रात याला जलीय विच्छेदन म्हणतात. त्यासाठी बूट भिजावा लागत नाही, हवेतली वाफ पुरते. बंध तुटला की तिथे आम्ल तयार होते आणि ते पुढच्या तुटण्याला वेग देते. म्हणून टाच वर्षानुवर्षे वरून जशीच्या तशी दिसते आणि मग एकाएकी बसते. ईथर बंधांचा पॉलियुरेथेन पाण्याला सहसा दाद देत नाही, पण घासण्याला आणि तेलाला तो तितका टिकत नाही. त्यामुळे कारखान्यांची पसंती पहिल्यालाच मिळत आली.

उष्णता या क्रियेची मदतनीस. ढोबळ हिशेब असा, की तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. अकोल्यात आणि अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; टिनाच्या छपराखालचा माळा तर त्याहून तापतो. बाहेरची हवा तेव्हा कोरडी ठणठणीत असते, म्हणून वऱ्हाडात ओलीचा त्रास नाही असे वाटते. घरातली गोष्ट निराळी. उन्हाळा लागला की खिडकीत कूलर बसतो आणि जूनपर्यंत ओल्या जाळ्यांतून आलेली दमट हवा कपाटाच्या फटींतून आत जात राहते. कूलर उतरतो तोवर पाऊस सुरू होतो. म्हणजे खोक्यातल्या बुटाला मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ऊब आणि वाफ दोन्ही मिळत राहतात. वर त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले, तर आत शिरलेली वाफ तिथेच कोंडते.

रोजच्या वापरातला बूट सहसा असा फुटत नाही, कारण भुगा व्हायच्या आधीच तो झिजून टाकून दिलेला असतो. शिवाय दर पावलाला तळ दबतो-फुगतो आणि आतली ओलसर हवा बाहेर पडते, असेही मानले जाते. न वापरता पडलेल्या पीयू तळाचे आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षे धरावे, आणि ते खरेदीपासून नव्हे तर बनावटीपासून. खोक्यावर बनावटीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. सेलमध्ये स्वस्त मिळणाऱ्या जोड्याची ती ओळ आधी वाचावी. त्याची निम्मी वर्षे गोदामातच गेलेली असू शकतात. शेगावच्या पायी वारीसाठी माळ्यावरचे जुने बूट काढताना तर हे पाहावेच. अकोला मागे पडल्यावर तळ सुटला, तर पुढची वाट अनवाणी चालावी लागते.

परीक्षा सोपी आहे. टाचेच्या कडेत अंगठ्याचे नख रुतवावे. खूण भरून आली तर ठीक. खळगा तसाच राहिला, चीर पडली किंवा नख चिकटले तर तो बूट घालून जिना चढू नये, म्हाताऱ्या माणसांनी तर नाहीच. जोडा कापडी पिशवीत, हवेशीर फळीवर ठेवावा आणि महिन्यातून एकदा तरी पायात घालून चालावे.

फुटलेली टाच सोल्यूशनने चिकटवून काही होत नाही. सोल्यूशन चांगलेच धरते, पण ते धरते सडलेल्या फेसाला, आणि तो फेसच पुन्हा सुटतो. जाणता मोची रापीने सगळा जुना तळ खरवडून काढतो, खालचे चामडे कोरडे आणि खरखरीत होईपर्यंत घासतो, मग रबरी शीट कापून चिकटवतो आणि कडेने टाके घालतो. वरचे चामडे धड असेल, तर असा बूट पुढे बरीच वर्षे चालतो.