पद्मिनीचं इंजिन घरी बांधताय? नवा पार्ट बसवण्याआधी तो मोजा

३० ऑक्टोबर २०२३. या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यावरची काळी-पिवळी पद्मिनी इतिहासजमा झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ ला, आणि मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा आहे २० वर्षं. तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसला पद्मिनीचे फोटो होते. त्यातली एक गोष्ट मात्र फारशी कुणी बोललं नाही. टॅक्सी होत्या म्हणून या गाडीच्या पार्टना रोजचं गिऱ्हाईक होतं. ते गेलं.

त्यामुळे आज कुणाच्या शेडमध्ये जुनी पद्मिनी उभी असेल (आपल्याकडे तिला अजूनही ‘फियाट’च म्हणतात) आणि तिचं इंजिन घरीच बांधायचं ठरलं असेल, तर एक लक्षात ठेवा. बेअरिंग चुकीची बसून क्रँक खराब झाला, तर दुसरा क्रँक शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून चोर बाजारापर्यंत पायपीट करावी लागेल.

हे इंजिन नेमकं आहे कसं?

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची. १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. चार सिलिंडर, १०८९ सीसी. बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. इलेक्ट्रॉनिक काहीच नाही, म्हणून घरी बांधायला सोपं वाटतं. आहेही. फक्त मोजमाप सोडून.

चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीचं इंजिन आधी एकदा तरी उघडलेलं असण्याची शक्यता दाट. म्हणजे बोअर मूळ ६८ मिमीचा राहिलेला नसू शकतो आणि क्रँकचे जर्नल घासून बारीक केलेले असू शकतात. बोअर वाढतो म्हणून पिस्टन ओव्हरसाइज लागतात. जर्नल कमी होतो म्हणून बेअरिंग शेल अंडरसाइज लागतात. शेलच्या पाठीवर ‘०१०’ असा आकडा दिसला, तर तो १० थाऊ, म्हणजे पाव मिलिमीटर. हे न बघता ‘पद्मिनीचा सेट द्या’ म्हणून आणलेला नवाकोरा सेट तुमच्या इंजिनला बसेलच असं नाही.

आधी पिस्टन, मग बोअरिंग

आमच्या देवळ्यात ‘बोअरिंग’ म्हटलं की लोक विचारतात, पाणी किती फुटांवर लागलं? पण हे बोअरिंग वेगळं. हे काम घरी होत नाही, त्यासाठी ब्लॉक मशीन शॉपमध्येच न्यावा लागतो. मालेगाव किंवा नाशिक गाठायच्या आधी नवे पिस्टन हातात असू द्या. पिस्टन मोजून त्यानुसार बोअर कापला जातो. उलटं केलं तर नेमका तो साइज बाजारात नसतो.

आणि ब्लॉक साफ करताना त्यावरचा इंजिन नंबर घासला जाणार नाही हे बघा. आरसी बुकातला नंबर जुळला नाही तर पुढे आरटीओत अडकाल. २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. त्यातही इंजिनमध्ये मोठे फेरफार नकोत अशी अट आहे. सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत.

क्रँक आणि शेल: इथे घाई नको

खरं काम इथे आहे. जर्नल आणि शेल यांच्यात तेलाचा पातळ थर राहील एवढीच फट हवी. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, पण अशा इंजिनांत ती साधारण ०.०३ ते ०.०७ मिमीच्या घरात असते. म्हणजे जास्तीत जास्त माणसाच्या केसाएवढी. डोळ्यांना किंवा बोटाला ती कळत नाही.

मायक्रोमीटर नसेल तर प्लास्टिगेज वापरा. हा मेणासारखा बारीक दोरा असतो. कोरड्या जर्नलवर त्याचा तुकडा आडवा ठेवायचा, कॅप टॉर्क पान्याने पूर्ण कसायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, आणि कॅप काढून चपटा झालेला दोरा पाकिटावरच्या पट्टीशी जुळवायचा. जितका रुंद, तितकी फट कमी.

शेलची पाठ कोरडी हवी, तेल फक्त जर्नलकडच्या बाजूला. शेलचं भोक ब्लॉकमधल्या तेलाच्या भोकासमोर आलंय का, ते बघा. एकीकडची कॅप दुसरीकडे लावू नका आणि उलटीही लावू नका. प्रत्येक कॅप तिच्या जागीच मशीन केलेली असते, म्हणून खोलतानाच नंबर टाकायचे. प्रत्येक कॅप कसली की क्रँक हाताने फिरवा. अडकला तर तिथेच थांबा. ‘चालू झाल्यावर मोकळा होईल’ हे गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य आहे. त्यावर विश्वास ठेवू नका.

रिंगचं गणित

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने सरळ खाली ढकला आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ढोबळ हिशेब बोअरच्या ०.००४ पट: ६८ मिमीला साधारण ०.२७ मिमी. फट कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते किंवा बोअरला ओरखडे पाडते. कमी पडली तर टोक कानशीने थोडं थोडं घासता येतं. ‘टॉप’ लिहिलेली बाजू वर. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका.

हेड

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. त्यामुळे जुनं हेड एकदा जास्त तापलं असेल तर वाकलेलं असू शकतं. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून तपासा, नाहीतर नवं गॅस्केटही जाणार. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत कसा. दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी आहे की तेल लावलेल्या, हेही वाचा. तेल लावून त्याच आकड्यावर कसलं तर बोल्टवर ताण जास्त येतो.

टायमिंग चेनच्या खुणा जुळवल्या की क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या हाताने मारून पुन्हा बघा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणारे घ्या, कारण पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं.

पहिला स्टार्ट

आधी स्पार्क प्लग काढून स्टार्टरने इंजिन फिरवा, तेलाचा दाब येईपर्यंत. मग प्लग लावून चालू करा. कॅमशाफ्ट नवा असेल तर आयडलवर सोडू नका. साधारण २० मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास ठेवा, म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांवर नीट बसतात. या वेळात एक नजर पाण्याच्या तापमानावर आणि एक तेलाच्या दाबावर. दाब पडला तर चावी लगेच बंद. गार झाल्यावर टॅपेटची फट पुन्हा मोजा आणि पहिलं तेल लवकर बदला. काढलेलं तेल चाळणीतून ओता, तळाशी चुंबक फिरवा आणि त्याला काय चिकटतंय ते बघा.