पाय, मोटर आणि तीन चाके

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला अधूनमधून येतो. सायकलला मोटर जोडलेले एक तरी उपकरण तिथे हमखास असते. विद्यार्थी उत्साहाने वेग सांगतात, एकदा बॅटरी भरली की किती अंतर जाता येते ते सांगतात. आम्ही दोन प्रश्न विचारतो. चढावर काय होते? आणि हीच सायकल तुझ्यापेक्षा वीतभर उंच मुलाने चालवली तर? पहिल्या प्रश्नाला काही तरी उत्तर मिळते. दुसऱ्या प्रश्नाचा मोटरशी काय संबंध, असा भाव चेहऱ्यावर दिसतो. संबंध आहे, आणि तो न ओळखल्याची किंमत एका नामवंत संशोधकाने मोजलेली आहे. परंतु त्याच्याकडे जाण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

१८८१ साली सायकल आजच्या रूपात आलेली नव्हती. पुढचे चाक प्रचंड, मागचे चिमुकले, आणि खडा लागला की स्वार डोक्यावर. त्यामुळे बेताने चालणारी मंडळी तीनचाकीला पसंती देत. इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७७ मध्ये तीनचाकीला डिफरन्शियल गिअर बसवला. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट असतील तर एक घसटत जाते. या गिअरमुळे ती अडचण दूर झाली. खुद्द व्हिक्टोरिया राणीने १८८१ मध्ये स्टार्लींची तीनचाकी घेतली.

त्याच वर्षी १९ एप्रिलला पॅरिसच्या व्हालोआ रस्त्यावर स्टार्लींचीच एक तीनचाकी पायांशिवाय धावली. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने सीमेन्सच्या धर्तीची छोटी मोटर सुधारून घेतली, तिला शिशाच्या संचायक घटांची जोड दिली आणि तयार गाडीवर बसवली. हे घट गास्ताँ प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शोधले होते. स्वारासह गाडीचे वजन सुमारे १६० किलोग्रॅम, वेग ताशी १२ किलोमीटर. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या इतिहासातले हे पहिले पान मानले जाते. आम्हांला त्यात गमतीचा वाटतो तो पुढचा भाग. त्रूव्हेंना या गाडीचे पेटंट मिळाले नाही. मग त्यांनी तीच कल्पना नावेकडे वळवली, आणि पुढच्याच महिन्यात, २६ मे रोजी, सीन नदीत विजेवर नाव चालवून दाखवली. सुटी मोटर हवी तिथे लावता येते, हे त्यांना पहिल्याच फटक्यात कळले होते.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये विल्यम एअर्टन आणि जॉन पेरी या दोन प्राध्यापकांनी विजेची तीनचाकी बनवली. मोटर अर्ध्या अश्वशक्तीची. वेग कमीजास्त करण्याची त्यांची पद्धत वर्गात सांगण्याजोगी आहे : एकसर जोडणीतले घट एकेक करून वाढवायचे किंवा काढायचे. विद्युतदाब पायरीपायरीने बदलला की वेगही पायरीपायरीने बदलतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक येण्याआधीची ही साधी, सरळ युक्ती.

या सगळ्या गाड्यांवर माणूस ताठ बसत असे. पाठ टेकून, पाय पुढे करून पेडल मारण्याची कल्पना प्रत्यक्षात प्रभावी ठरवली ती फ्रान्सच्या शार्ल मोशे यांनी. त्यांनी आधी मुलासाठी पायाने चालवायची चारचाकी बनवली, पुढे तिचेच अर्धे रूप म्हणावे अशी दुचाकी केली. ७ जुलै १९३३ रोजी फ्रान्सिस फोर या सायकलपटूने तिच्यावर रेलून तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि १९१४ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. कारण उघड होते. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते, आणि रेलून बसलेला माणूस हवेसमोर कमी क्षेत्रफळ धरतो. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ मध्ये शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली की ही गाडी बाहेर पडली. संघटनेचा निर्णय आम्हांला आजही कोता वाटतो. त्यामुळे हे वाहन पुढची काही दशके हौशी कारागिरांच्या हाती राहिले.

आता तो नामवंत संशोधक. गणकयंत्रे आणि स्वस्त घरगुती संगणकांमुळे ब्रिटनमध्ये घराघरांत पोचलेले क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १० जानेवारी १९८५ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये ‘सी-५’ नावाची विजेची तीनचाकी लोकांसमोर आणली. पुढे एक चाक, मागे दोन. चालक रेलून बसे, सुकाणूचा दांडा त्याच्या गुडघ्यांखाली असे. किंमत ३९९ पौंड. वेल्समधील मर्थर टिडफिल येथे, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या हूव्हर कंपनीच्या कारखान्यात तिची जुळणी होई. त्यामुळे ‘हिला धुलाईयंत्राची मोटर आहे’ अशी थट्टा सुरू झाली. ते खरे नव्हते. मोटर इटलीत बनलेली होती.

गाडीचा आराखडा ठरला तो मुख्यतः कायद्याने. ब्रिटनमध्ये १९८३ साली मोटरची मदत घेणाऱ्या सायकलींसाठी नवे नियम झाले होते : तीनचाकीची मोटर २५० वॅटपर्यंत, वेग ताशी १५ मैल म्हणजे सुमारे २४ किलोमीटर, पेडल असलेच पाहिजेत. एवढे पाळले की वयाची चौदा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परवान्याविना, विम्याविना गाडी चालवता येई. सी-५ त्या चौकटीत अचूक बसवली गेली. चालकाच्या शरीरात मात्र ती बसली नाही.

हिशोब करून पाहू. बॅटरीसह गाडी सुमारे ४५ किलोग्रॅम, चालक ७० धरू. एकूण ११५. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणारा चढ असेल तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ११३ न्यूटन रेटा लागतो. ताशी ८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २.२ मीटर वेगाने चढायचे तर ११३ गुणिले २.२, जवळजवळ २५० वॅट. मोटरची सारी क्षमता इथेच संपली. त्यात ही मोटर एकाच ठरीव दंतचक्राने चाकाला जोडलेली. वेग मंदावला की मोटरचे फेरे घटतात, विद्युतधारा वाढते, आणि वाढलेल्या धारेतली बरीच ऊर्जा गतीऐवजी उष्णतेत जाते. मोटर जळू नये म्हणून तापमान फार वाढले की पुरवठा तोडणारी व्यवस्था होती. तिने आपले काम चोख केले, म्हणजे नेमक्या चढावर गाडी पायांवर सोडली.

आणि पायांची स्थिती? पेडलनाही गिअर नव्हते. सामान्य प्रौढ माणूस तासभर टिकवू शकतो ती शक्ती ७५ ते १०० वॅट, तीही पाय मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांच्या सोयीच्या लयीत फिरत असतील तर. साध्या सायकलवर चढ आला की आपण उभे राहतो, शरीराचा भार पेडलवर टाकतो. रेलून बसलेल्याला ते शक्य नाही. त्याची पाठ आसनाला खिळलेली असते. त्यामुळे गिअर आणि आसनापासून पेडलपर्यंतचे अंतर या दोन गोष्टी इथे साध्या सायकलपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या ठरतात. सी-५ मध्ये हे अंतर बदलण्याची सोय नव्हती. उंच माणसाचे गुडघे वर येत, ठेंगण्या माणसाने पाठीमागे उशी घ्यायची. बैठक इतकी खाली की मोटारींच्या रांगेत चालक दिसू नये. दिसावा म्हणून लावायची काठी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागे. ऐन हिवाळ्यात, शिशाच्या बॅटरीची क्षमता थंडीने घटते त्याच दिवसांत, पत्रकारांनी ती चालवून पाहिली. ऑगस्ट १९८५ मध्ये उत्पादन थांबले, ऑक्टोबरमध्ये कंपनी बुडाली. सुमारे १४,००० गाड्या बनल्या होत्या; तोवर विकल्या गेल्या त्या ५,००० च्या आसपास.

या अपयशाला ‘काळाच्या पुढची कल्पना’ असे गोंडस नाव देण्याची पद्धत आहे. आम्हांला ते पटत नाही. त्याच काळात, इंग्लंडमध्येच, नॉरिचचे माइक बरोज ‘विंडचीटा’ ही रेलून बसण्याची तीनचाकी बनवत होते. पुढे दोन चाके, मागे एक, आणि अर्थातच गिअर. १९९६ मध्ये अँडी विल्किन्सन यांनी या गाडीवर ब्रिटनचे नैऋत्य टोक ते ईशान्य टोक हे अंतर ४१ तास ४ मिनिटांत, केवळ पायांच्या बळावर कापले. आज या जातीच्या बहुतेक गाड्यांत पेडल एका पुढे आलेल्या नळीवर असतात. स्क्रू सैल करून नळी पुढेमागे सरकवता येते. टाच पेडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा; मग चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. नळी सरकवली की साखळीचे दुवेही कमीजास्त करावे लागतात, हे नवशिक्यांच्या हमखास ध्यानात राहत नाही.

अशा गाडीला मोटर लावायची कुठे? मागच्या चाकाच्या तुंब्यात लावली तर जोडणी सोपी, पण गिअरचा फायदा तिला मिळत नाही. चढावर सी-५ चीच कथा थोड्याफार फरकाने. पेडलच्या दांड्यापाशी लावली तर तिची शक्ती पायांबरोबर त्याच साखळीतून, त्याच गिअरमधून जाते. चढावर चालकाने गिअर बदलला की मोटरही सोयीच्या फेऱ्यांत राहते. बदल्यात साखळी लवकर झिजते.

बॅटरीची जागा हा आणखी वेगळा प्रश्न. पुढची चाके एकमेकांपासून ७५ सेंटिमीटर, गुरुत्वमध्य मागच्या चाकापासून दोन तृतीयांश अंतरावर आणि जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच असेल, तर ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी सुमारे १९ किलोमीटरला उलटू लागते. जड बॅटरी आसनामागे उंच रॅकवर टाकून गुरुत्वमध्य निम्म्या अंतरावर आणि ५० सेंटिमीटर उंचीवर नेला, तर ही मर्यादा जवळजवळ १५ वर उतरते. मोटरने वेग वाढवला आणि बॅटरीने तो पेलण्याची क्षमता घटवली, असे होऊन बसते. गुरुत्वमध्य मागेपुढे कुठे आहे हे विद्यार्थ्यांना स्वतः काढता येईल. गाडी सपाटीवर ठेवायची, माणूस बसवायचा, एका चाकाखाली वजनकाटा आणि बाकीच्या दोहोंखाली तेवढ्याच जाडीच्या फळ्या. तिन्ही चाकांवरचा भार असा आळीपाळीने मोजला की उरते ते तरफेचे गणित.

आपल्याकडची पायाची तीनचाकी म्हणजे सायकलरिक्षा. तिथे माणूस रेलून बसत नाही, पण दुखणे तेच आहे : गिअर नाही, ब्रेक पुढच्याच चाकाला, आणि चढ आला की चालक उतरून गाडी ओढतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन २००० च्या सुमारास या रिक्षेवर काम केले. त्यांनी एकीकडे गिअर आणि मागच्या चाकांचे ब्रेक असलेली सुधारित रिक्षा केली, दुसरीकडे पायांना मोटरची मदत देणारी, आणि पूर्णपणे विजेवर चालणारीही. मोटर नसलेल्या रिक्षेचा प्रश्नही त्यांनी तितक्याच गांभीर्याने घेतला, हे आम्हांला विशेष वाटते. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००२ मध्ये या कामाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

सिंक्लेअर २०२१ मध्ये निवर्तले. ज्या २५० वॅटच्या मर्यादेत त्यांनी गाडी बसवली होती, तीच मर्यादा २००२ मध्ये युरोपीय संघाने मोटरसाहाय्य सायकलींसाठी ठरवली, आणि तिच्या आत राहून गिअरवाल्या असंख्य सायकली तिथे चढ चढत आहेत. सी-५ देखील पूर्ण नाहीशी झालेली नाही. हौशी मंडळींनी जपलेल्या गाड्यांपैकी काहींत आता शिशाच्या बॅटरीऐवजी हलकी लिथियमची बॅटरी आहे, काहींना मोठी मोटर आहे, आणि काहींच्या मागच्या चाकात, साध्या सायकलवरून काढून घातलेला, तीन वेगांचा गिअर आहे.