कच्चा मासा आणि उलटा रोल : अमेरिकेने सुशी प्रथम चाखली तेव्हा

मुंबई-पुण्याच्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये आयुष्यात पहिल्यांदा सुशी मागवणाऱ्यासमोर अनेकदा कॅलिफोर्निया रोल येतो. भात बाहेर, समुद्री शेवाळाचा काळा पापुद्रा आत, मधोमध खेकडा आणि अव्होकाडोची हिरवी फोड. खाणाऱ्याला वाटते, आपण जपान चाखला. प्रत्यक्षात त्याने चाखलेली असते ती अर्धशतकापूर्वीच्या अमेरिकी गिऱ्हाइकाची भीड. या थ्रेडचा विषय तीच भीड, आणि ती ज्या रस्त्यावर मोडली त्या रस्त्याचा इतिहास.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. सुशी या शब्दाचे नाते कच्च्या माशाशी नसून आंबट चवीच्या भाताशी आहे. मुळात ही मासे टिकवण्याची युक्ती होती. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात कित्येक महिने दाबून ठेवत. भात आंबे, मासा टिके आणि खाताना भात चक्क टाकून देत. बिवा सरोवराच्या काठी या पद्धतीची 'फुनाझुशी' आजही केली जाते.

पुढे भातातच व्हिनेगर मिसळू लागल्यावर ही दीर्घ प्रतीक्षा संपली. १८२०च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने दाबलेल्या भातावर माशाचा काप ठेवलेली 'निगिरी' सुशी लोकप्रिय झाली. हानाया योहेई या विक्रेत्याचे नाव तिच्याशी जोडले जाते. ते सरळसरळ गाडीवरचे, उभ्याउभ्या खायचे खाणे होते! ट्यूनाच्या पोटाकडचा तेलकट भाग, ज्याला 'तोरो' म्हणतात आणि ज्याच्यासाठी आज भरमसाट पैसे मोजले जातात, तो त्या काळी हलक्या प्रतीचा समजला जाई.

आता लॉस एंजेलिसकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी या शहरात 'लिटल टोकियो' ही जपानी वस्ती आकाराला आली होती. शहराच्या बंदरातील टर्मिनल आयलंडवर सुमारे ३,००० जपानी वंशाचे लोक राहत. पुरुष समुद्रावर जात, स्त्रिया डबाबंद मासळीच्या कारखान्यांत राबत. त्यांनी पकडलेला ट्यूना सँडविचमधून अमेरिकी घरांत पोहोचत होता. मात्र तोच मासा कच्चा खाण्याची कल्पनाही त्या घरांना शिसारी आणणारी होती. जपानी रेस्टॉरंटात येणारे गोरे गिऱ्हाईक सुकियाकी मागवी: गोमांसाचे पातळ काप, सोया सॉस, साखर. सारे शिजलेले आणि ओळखीचे.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर स्वाक्षरी केली आणि पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांची रवानगी छावण्यांत झाली. त्यांतील जवळजवळ दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. टर्मिनल आयलंडच्या रहिवाशांना घर सोडण्यासाठी ४८ तास देण्यात आले. सामानसुमान मिळेल त्या किमतीला विकून कुटुंबे बाहेर पडली. मागे त्यांची वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. ओस पडलेल्या लिटल टोकियोत युद्धकाळातील कारखान्यांसाठी आलेले कृष्णवर्णीय मजूर राहू लागले आणि त्या भागाला 'ब्रॉन्झव्हिल' हे नाव पडले.

त्या ४८ तासांतून गेलेल्या मुलांपैकी एक होत्या जीन वाकात्सुकी ह्यूस्टन. मांझानार छावणीतील पहिल्या जेवणाविषयी त्यांनी लिहून ठेवले आहे. वाढणाऱ्यांनी भातावर डब्यातले गोड जर्दाळू ओतले. तेवढेच गोडधोड होईल, असा त्यांचा समज. गोड पदार्थ भातावर घालणे ही जपानी घरांत अकल्पनीय गोष्ट. त्यांच्या मनात वाईट नव्हते, आणि म्हणूनच हा प्रसंग अधिक बोचतो. ज्यांना शत्रू ठरवून कोंडले, ते भात कशाशी खातात एवढेही कोंडणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

युद्धानंतर काही कुटुंबे परतली, दुकाने पुन्हा उघडली. १९६४ मध्ये नोरितोशी कानाई लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झाले. महायुद्धात ते जपानी सैन्यातून ब्रह्मदेशात लढाईवर गेले होते. आता म्युच्युअल ट्रेडिंग या १९२६ पासूनच्या कंपनीतर्फे जपानी खाद्यपदार्थ अमेरिकेत विकत होते. अमेरिकेत काय खपेल याच्या शोधात ते हॅरी वोल्फ या अमेरिकी सहकाऱ्यासह जपानला गेले असता त्यांनी त्याला सुशी खिलवली. वोल्फ त्यानंतर रोज सुशी खायला जाऊ लागला. एका अमेरिकी माणसाला ही गोडी लागते, तर इतरांना का लागणार नाही, असा सरळ हिशेब कानाईंनी केला.

त्यांच्या प्रोत्साहनाने १९६०च्या दशकाच्या मध्यास लिटल टोकियोतील कावाफुकू या रेस्टॉरंटात सुशीचा काउंटर सुरू झाला. काचेच्या थंड पेटीत मासे मांडलेले आणि पलीकडे शिगेओ साइतो हे आचारी. प्रारंभी येत ते जपानी व्यावसायिक. तेच पुढे अमेरिकी सहकाऱ्यांना घेऊन येऊ लागले. सौदा व्हायचा असताना यजमानाने पुढे केलेला घास नाकारणे अवघड असते, हेही सुशीच्या प्रसारातले एक कारण मानायला हरकत नाही.

जवळच्याच टोकियो काइकान रेस्टॉरंटात इचिरो माशिता यांच्यापुढे वेगळी अडचण होती. तोरो वर्षभर मिळत नसे. कॅलिफोर्नियात मुबलक मिळणाऱ्या अव्होकाडोत तसाच लोण्यासारखा स्निग्धपणा त्यांना सापडला. सोबत शिजवलेला खेकडा घातला आणि कच्च्या माशाचा प्रश्नच मिटला. उरला नोरीचा पापुद्रा. तो कित्येकांना कागदासारखा वाटे. म्हणून पुढे रोल उलटा करण्यात आला. नोरी आत, भात बाहेर.

या शोधाचे श्रेय कॅनडातील व्हँकुव्हरचे आचारी हिदेकाझू तोजो हेही स्वतःकडे घेतात. वाद मिटण्याजोगा नाही. मात्र शेवाळ गिऱ्हाइकाच्या नजरेआड करणे हे कारण दोन्ही कथांत सारखेच आहे.

यानंतरची वाटचाल वेगवान होती. १९७० मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स स्टुडिओच्या शेजारी 'ओशो' सुरू झाले आणि युल ब्रिनरसारखे नट तिथे नेहमी दिसू लागले. १९७७ मध्ये सिनेटच्या समितीने चरबी कमी करून मासे अधिक खाण्याचा सल्ला दिला. १९८० मध्ये 'शोगुन' ही मालिका दूरचित्रवाणीवर आली. दोन दशकांपूर्वी नाक मुरडणारे आता काड्या धरायला शिकत होते.

१९८८ मध्ये अमेरिकी सरकारने कायदा करून छावण्यांबद्दल क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचे ठरवले. तोवर सुशी तिथल्या अनेक शहरांत प्रतिष्ठेचे खाणे बनली होती. टर्मिनल आयलंडवरची मच्छीमारांची वस्ती मात्र पुन्हा उभी राहिली नाही. आज तिथे बंदराचा पसारा आहे, आणि पाण्याकडेला २००२ मध्ये उभारलेले त्या मच्छीमारांचे स्मारक.