फुलांचे गुपित उकलणारा शाळामास्तर

परसात भोपळ्याचा वेल लावणाऱ्या गृहिणीला हे पक्के ठाऊक असते की, वेलावर येणारी सारीच फुले फळ देत नाहीत. ज्या फुलाच्या बुडाशी इवलासा भोपळा दिसतो, तेच पुढे धरते. बाकीची उमलतात आणि गळून जातात. पपईचे झाड नर निघाले म्हणजे शेतकरी हळहळतो. वनस्पतींतही नर-मादी असतात, हे व्यवहाराला असे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शास्त्राच्या दरबारात मात्र या गोष्टीला रीतसर प्रवेश मिळण्यास १६९४ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी जर्मनीतील ट्युबिंगेन येथील प्राध्यापक कामेरारियस याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एरंडाच्या झाडावरची नरफुले उमलण्यापूर्वीच त्याने खुडून टाकली. झाडाला धड बी धरले नाही. मक्याच्या कणसाचे केस त्याने कापून टाकले. दाणे भरले नाहीत. परागाची पूड स्त्रीकेसरावर पडल्यावाचून बीज होत नाही, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

परंतु येथे एक निराळाच पेच उभा राहिला. भोपळा, पपई, एरंड यांची गोष्ट वेगळी. बहुसंख्य फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात, शेजारी-शेजारी असतात. वधू आणि वर एकाच घरात! मग फुलाला बाहेरच्या कोणाची गरज ती काय? फूल आपले आपणच फलित होते, असे विद्वानांनीही बहुधा गृहीत धरले. फुलातील मध, त्याचा सुवास, त्याचा रंग हे सारे कशासाठी, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. मधमाशी ही फुलाकडे येणारी एक पाहुणी. फार तर एक गोड चोर, एवढेच. कोलरॉयटर नावाच्या दुसऱ्या जर्मन संशोधकाने १७६१ पासून पुढे कीटकांच्या कामगिरीकडे लक्ष वेधले, पण त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही.

हा पेच सोडविण्याचा मान एका शाळामास्तराकडे जातो. त्याचे नाव ख्रिस्तिआन कोनराड स्प्रेंगेल. १७५० साली जन्मलेला हा गृहस्थ बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावी १७८० पासून शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याचा व्यासंग भाषांचा. पण डोळ्यांच्या विकाराने तो त्रस्त झाला, तेव्हा हाइम नावाच्या वैद्याने त्याला मोकळ्या हवेत हिंडण्याचा सल्ला दिला आणि वनस्पतिशास्त्राची गोडीही लावली. औषध असे लागू पडले की, रोगी पुन्हा पूर्वीच्या आयुष्याकडे वळलाच नाही.

१७८७ च्या उन्हाळ्यात रानटी जिरेनियमचे फूल न्याहाळताना पाकळ्यांच्या मुळाशी मऊ लव असल्याचे त्याला दिसले. दुसरा कोणी 'असेल लव' म्हणून पुढे गेला असता. स्प्रेंगेलची श्रद्धा अशी की, सृष्टिकर्त्याने एक केसही विनाकारण निर्माण केलेला नाही. शोध घेता त्याला आढळले की, लवेच्या आत मधाचे थेंब आहेत. पावसाचे पाणी लवेवर अडते आणि मध पातळ होत नाही. पण मध राखायचा तरी कोणासाठी? दुसऱ्या वर्षी निळ्या फरगेट-मी-नॉटच्या फुलाने उत्तर दिले. त्याच्या मुखाशी पिवळे वलय असते. हे वलय म्हणजे कीटकाला मधाची वाट दाखविणारी खूण आहे, हे त्याने ओळखले. पाहुण्यासाठी फराळ झाकून ठेवावा आणि दारात रांगोळीही घालावी, असा हा प्रकार होता.

पुढे १७९० मध्ये एपिलोबियम नावाच्या एका रानझाडात त्याला मुख्य गोष्ट सापडली. या फुलातले पुंकेसर आधी पिकतात आणि त्यांचा पराग संपल्यावर मग कुठे स्त्रीकेसराची टोके उघडतात. म्हणजे वधू-वर एका घरात असले तरी त्यांची वेळ जमत नाही! कोवळ्या फुलातील पराग अंगावर घेऊन माशी जुन्या फुलाकडे जाते, तेव्हाच काम होते. फुलाने स्वतःच्याच परागाने फलित व्हावे हे निसर्गाला मान्य दिसत नाही, असा निष्कर्ष स्प्रेंगेलने काढला.

१७९३ मध्ये त्याचा ग्रंथ बर्लिनला प्रसिद्ध झाला. ४६१ वनस्पतींची वर्णने आणि २५ चित्रफलक त्यात होते. ग्रंथाचे स्वागत मात्र थंड झाले. विद्वानांनी त्याकडे पाठ फिरविली. कवी गटे, जो स्वतः वनस्पतींचा अभ्यासक होता, त्यालाही ही विचारसरणी पटली नाही. फुलांच्या नादात शाळेकडे दुर्लक्ष झाले असा ठपका आला, आणि १७९४ मध्ये स्प्रेंगेलला अल्पशा निवृत्तिवेतनावर पद सोडावे लागले. ग्रंथाचा दुसरा भाग निघालाच नाही. बर्लिनमध्ये शिकवण्या करीत त्याने उरलेले आयुष्य काढले आणि १८१६ मध्ये तो वारला.

त्याच्या उपेक्षेला लोकांचा दुराग्रह जबाबदार होता, हे खरे. पण ते अर्धेच सत्य आहे. परक्याचा पराग फुलापर्यंत कसा पोहोचतो, हे स्प्रेंगेलने अपूर्व बारकाईने दाखविले. मात्र एवढा खटाटोप का? घरात पराग असता फुलाने परक्याची वाट का पाहावी? या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधणारा माणूस स्प्रेंगेलच्या ग्रंथापर्यंत १८४१ साली पोहोचला. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून चार्ल्स डार्विनने तो वाचला आणि त्या विस्मृत शाळामास्तराचे ऋण पुढे मुक्तकंठाने मान्य केले. १८६२ च्या आर्किडांवरील ग्रंथात डार्विनने मादागास्करच्या एका पांढऱ्या फुलाचे वर्णन केले. त्याची मधाची नळी जवळजवळ साडेअकरा इंच लांब, आणि मध केवळ तळाशी. एवढी लांब सोंड असलेला पतंग तेथे असलाच पाहिजे, असे भाकीत त्याने केले. डार्विन १८८२ मध्ये वारला. तशा पतंगाचे शास्त्रीय वर्णन १९०३ मध्ये प्रसिद्ध झाले. भाकिताची आठवण म्हणून त्याच्या नावात 'प्रेडिक्टा' हा शब्द घातला आहे.

तथापि डार्विनचे खरे उत्तर १८७६ च्या ग्रंथात आहे. त्यामागे अकरा वर्षांचे श्रम होते. झाडे जाळीखाली ठेवून तो कीटकांना दूर ठेवी. काही फुलांना त्यांचाच पराग लावी, काहींना दुसऱ्या झाडाचा. दोन्हीकडचे बी ओल्या वाळूत रुजवून, एकाच वेळी उगवलेली रोपे एकाच कुंडीच्या दोन बाजूंना लावी आणि मोजमाप घेई. आपल्या गणेशवेलीच्या कुळातील एका वेलीवर त्याने हा प्रयोग दहा पिढ्या चालविला. संकरित वेलींची उंची १०० धरली, तर स्वपरागाने झालेल्या वेलींची सरासरी ७७ भरली. एका पिढीत एका स्वपरागी वेलीने मात्र प्रतिस्पर्ध्यावर मात केली. डार्विनने कौतुकाने तिचे नाव 'हीरो' ठेवले. पण अपवाद तो अपवादच. परक्या परागाने संततीला जोम येतो, हे सामान्यतः खरे ठरले.

हे आकडे मांडणाऱ्या माणसाला त्यात केवळ शास्त्रीय कुतूहल नव्हते. डार्विनची पत्नी एमा ही त्याची सख्खी मामेबहीण. त्यांच्या दहा अपत्यांपैकी तीन बालपणीच दगावली होती. आपल्या विवाहाचा मुलांच्या प्रकृतीशी काही संबंध असेल काय, ही शंका त्याला छळीत असे. १८७१ च्या जनगणनेत चुलत-मामे-भावंडांच्या विवाहांविषयी प्रश्न विचारावा म्हणून त्याने खटपट केली. पार्लमेंटने ती सूचना फेटाळली. पुढे त्याचा मुलगा जॉर्ज याने या विषयाचा अभ्यास केला, तेव्हा दुष्परिणाम भीती वाटत होती त्यापेक्षा पुष्कळ कमी आढळला. मामाच्या मुलीशी विवाह ज्या समाजांत रूढ आहे, त्यांना या हकिकतीचे मर्म वेगळे सांगावयास नको.

आज या गोष्टीचे कारण सांगता येते. प्रत्येक जीवाच्या आनुवंशिक ठेव्यात काही दोष दडलेले असतात. जवळच्या नात्यात तेच दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याचा संभव वाढतो. परक्या परागाने ते झाकले जातात.

मग स्वपराग हा शुद्ध तोटाच काय? तसे नाही. कीटक फिरकलाच नाही तर मानी फूल निपुत्रिक राहते. स्वपरागी फुलाला निदान बी तरी मिळते. म्हणूनच अनेक वनस्पती, आपल्या गहू-भातासारखी पिकेसुद्धा, बहुतांशी स्वपरागावर चालतात. जोम हवा की खात्री हवी, हा फुलांपुढचा सनातन व्यवहार आहे.

त्या व्यवहाराचे पारडे आपल्या डोळ्यांदेखत झुकू लागले आहे. पॅरिसच्या परिसरातील शेतांत उगवणाऱ्या रानपॅन्सीचे वीस-तीस वर्षांपूर्वीचे बी जपून ठेवलेले होते. संशोधकांनी ते आजच्या बियांबरोबर रुजविले आणि आपले निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. आजची फुले सुमारे दहा टक्क्यांनी लहान, त्यांतील मध सुमारे वीस टक्क्यांनी कमी, आणि स्वपरागाचे प्रमाण वाढलेले. माश्या-भुंगे विरळ झाले म्हणून फुलाने पाहुण्यांचा फराळ आखडता घेतला. आणि फराळ आखडला की पाहुणे आणखी विरळ होणार. हे चक्र कोठे थांबेल?

स्प्रेंगेलने आयुष्याच्या उत्तरार्धात, १८११ मध्ये, एक छोटी पुस्तिका लिहिली होती. मधमाश्या केवळ मधासाठी पाळावयाच्या नसून शेतीच्या पिकासाठी पाळावयाच्या असतात, असा तिचा आशय. ती पुस्तिकाही त्या काळी फारशी कोणी वाचली नाही. शाळामास्तराचे म्हणणे एकदा कानांआड केले गेले, ते ज्ञानाच्या अभावी. आज ज्ञान आहे. फवारणीचा पंप हाती घेण्यापूर्वी फुलोऱ्यावर माश्या आहेत की नाहीत एवढे पाहण्याची सवय शेतकऱ्याला लागली, तरी त्या जुन्या मास्तराचा धडा वाया गेला नाही असे म्हणता येईल.