हक्काचे पाणी, हक्काचा संगणक



पुणतांबा म्हटले की १ जून २०१७ चा शेतकरी संप आठवतो. माल आमचा, मग भाव दुसऱ्याने का ठरवायचा, हा त्यामागचा सवाल होता. आज त्याच पुणतांब्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती थोरल्या भावाचा जुना लॅपटॉप असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि विंडोज ११ अशा अनेक जुन्या यंत्रांवर चालत नाही. यंत्र धडधाकट, पण कंपनीने ते निकामी ठरवले. यंत्र आपले, मग नियम दुसऱ्याचे का?

हा सवाल जुनाच आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा अधिकार प्रत्येकाला हवा, ही त्यांची भूमिका. १९९१ मध्ये हेलसिंकीतील २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्स तयार केले आणि १९९२ मध्ये ते ग्नूच्या परवान्याखाली सर्वांना खुले केले. अधिकार मिळून तीस वर्षे उलटली. मग आपल्या वस्त्यांत, अभ्यासिकांत लिनक्स का दिसत नाही?

याचे उत्तर महाडात सापडते. बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे कागदोपत्री खुले केले. पण २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा कुठे तो हक्क बजावला गेला. अस्पृश्यतेचा छळ आणि संगणकाची अडचण एका मापाने मोजता येत नाहीत, मोजूही नयेत. धडा एवढाच, की हक्क बजावल्याशिवाय आपला होत नाही. आणि महाडचे पाणी लपूनछपून नव्हे, दिवसाढवळ्या प्यायले गेले. आपण मात्र क्रॅक केलेले विंडोज चोरून वापरतो आणि हक्काचे लिनक्स तसेच पडून राहते.

काही जण म्हणतील, "लिनक्स हे इंजिनिअर लोकांचे काम." केरळच्या सरकारी शाळांतली मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्याच देशात सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसह 'बॉस' लिनक्स आणले. मग अडते कुठे? फक्त सवयीपाशी.

सुरुवात अशी करा. आधी फोटो, प्रमाणपत्रे, फाइली दुसरीकडे कॉपी करून ठेवा. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट घ्या आणि त्यावरूनच संगणक सुरू करा. विंडोज न काढता सगळे पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतो का ते तपासा. पत्र, अर्ज, हिशेब यांसाठी लिबरऑफिस आहे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक निवडता येतो. मन भरले तरच इन्स्टॉल करा. विंडोजसाठीच बनलेली काही सॉफ्टवेअर इथे चालणार नाहीत. तुमचे काम त्यांच्यावरच अवलंबून असेल तर दोन्ही शेजारी ठेवा.

एकट्याने अडखळाल, म्हणून अभ्यासिकेत चौघे जमा. एकाने शिकावे, तिघांना शिकवावे. तळे खुले आहे, ओंजळ आपल्यालाच भरायची आहे.

जय भीम!