फिरंग

सोळाव्या शतकात वैद्य भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिला, तेव्हा एका रोगासाठी त्यांना जुन्या संहितांत नाव सापडलं नाही. सुश्रुतात उपदंश आहे, पण ती जननेंद्रियावरच्या व्रणांची जुनी, ढोबळ संज्ञा. हा रोग व्रणावर थांबत नव्हता, पुढे सांधे धरत होता, नाक बसवत होता. फिरंग नावाच्या देशात तो फार, म्हणून भावमिश्रांनी त्याला फिरंग रोग म्हटलं. तो संसर्गाने जडतो हे सांगितलं, बाह्य, आभ्यंतर आणि दोन्हीकडे पसरलेला असे तीन प्रकार लावले, आणि उपाय दिले रसकापूर, म्हणजे पाऱ्याचं औषध, व चोपचिनी. घराघरांत ज्याला दबक्या आवाजात ‘गरमी’ म्हणत आले आणि डॉक्टर ज्याला सिफिलिस म्हणतात, तोच हा.

फिरंग म्हटलं की मराठी कानाला आधी तलवार आठवते, सरळ, लांब, विलायती पात्याची. तलवार आणि रोग दोघांचं कूळ एकच: फ्रँक. युरोपातल्या त्या लोकांचं नाव अरबी-फारसीतून फरंग होऊन आपल्याकडे आलं आणि पोर्तुगीजांना चिकटलं. फ्रान्स हे नावही त्याच फ्रँकांचं. हे लक्षात ठेवावं, कारण तिकडेही हा रोग फ्रान्सच्याच नावावर जमा झाला होता.

१४९५ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स नेपल्समध्ये शिरला. त्याच्या फौजेत नाना देशांचे भाडोत्री शिपाई होते. वर्ष सरायच्या आत त्यांच्यात एक भयंकर साथ उठली. अंगभर फोड, रात्री हाडं ठणकायची. फौज मोडली, शिपाई आपापल्या गावी परतले आणि रोग त्यांच्याबरोबर युरोपभर गेला. कोलंबसाच्या खलाशांनी तो अमेरिकेतून आणला की आधीपासून युरोपात होता, हा वाद अजून मिटलेला नाही. नावं मात्र लगेच पडली. इटालियन म्हणाले फ्रेंच रोग. फ्रेंच म्हणाले नेपल्सचा रोग. रशियात तो पोलंडचा ठरला. तुर्कीत त्याला आजही ‘फ्रेंगी’ म्हणतात, आपल्या फिरंगाचा सख्खा भाऊच. प्रत्येकाने तो शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकला.

सिफिलिस हे नाव एका कवितेतून आलं. व्हेरोनाचा वैद्य जिरोलामो फ्राकास्टोरो याने १५३० मध्ये या रोगावर लॅटिनमध्ये दीर्घकाव्य छापलं. त्यात सिफिलस नावाचा मेंढपाळ आहे. दुष्काळात जनावरं तडफडू लागली, तेव्हा त्याने सूर्यदेवाला शिव्या दिल्या आणि आपल्या राजाची पूजा मांडली. देव कोपला आणि सिफिलस हा पहिला रोगी झाला. याच फ्राकास्टोरोने १५४६ मध्ये रोग सूक्ष्म बीजांनी पसरतात असं मांडलं. इतका डोळस माणूस, पण त्याने जगाला दिलेल्या नावात मात्र पाप आणि शिक्षा आधीच भरून ठेवलेली. मला याचं फार वाईट वाटतं. पुढची चारशे वर्षं रोगी तोंड लपवत राहिले आणि त्यांच्या पश्चात चरित्रकार कुजबुजत राहिले. मोपासां, डोडे या फ्रेंच लेखकांबद्दल शंका उरलेली नाही. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं निदान मात्र आज अनेक डॉक्टरांना मान्य नाही, तरी त्याला लागलेला शिक्का पुसला जात नाही.

तोंड न लपवणारा एक होता. उलरिख फॉन हुटन, जर्मन सरदार आणि लेखक. पाऱ्याचा उपचार म्हणजे कोंडलेल्या गरम खोलीत अंगाला पाऱ्याचा लेप, तोंडातून लाळेच्या धारा, हिरड्या सडून हलणारे दात. हुटनने हे अनेकदा सोसलं आणि १५१९ मध्ये स्वतःच्या नावानिशी लिहून काढलं. अमेरिकेतून आलेल्या ग्वायकम लाकडाच्या काढ्याने आपण बरे झालो अशी त्याची खात्री होती. चार वर्षांनी, पस्तिशीत, त्याच रोगाने तो गेला.

आपल्याकडे पाऱ्याला पर्याय आला तो चीनहून. चोपचिनी म्हणजे फारसीत चिनी लाकूड, खरं तर ती एक मुळी. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या मुळीवर स्वतंत्र संवाद लिहिला. रोग फिरंग्यांच्या जहाजातून उतरला आणि त्यावरची मुळीही जहाजातूनच. ती रोग मारत नव्हती. तो मारायला १९१० चं साल्व्हार्सन हे औषध आणि मग १९४३ मध्ये या रोगावर लागू पडलेलं पेनिसिलिन यावं लागलं.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात रेम्ब्रांटने १६६५ च्या सुमाराला काढलेलं एक चित्र आहे. रुंद काठाची काळी टोपी घातलेला पंचविशीतला तरुण, हातात कागद. नाकाचा दांडा खाली बसलेला, चेहरा सुजट. रेम्ब्रांटने काही झाकलेलं नाही. हा खेरार्ड द लेरेस, स्वतःही चित्रकार. हा रोग त्याला आईच्या पोटातूनच मिळाला, असं आज डॉक्टर हे नाक पाहून सांगतात. त्याने कुठल्या देवाला शिवी दिली होती? पन्नाशीच्या सुमाराला त्याची दृष्टी गेली. मग तो चित्रकलेवर व्याख्यानं देऊ लागला, ऐकणाऱ्यांनी ती उतरवून घेतली आणि १७०७ मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. रंग कसे लावावेत, उजेड कुठून घ्यावा, हे तो आंधळा माणूस त्यात शिकवत होता.